साडूला मिळालेली डॉक्टरीण

नाही, मी काय म्हणतो, डॉक्टर मिळाला तर मिळाला, अभिनंदन, शंभर वर्षं जगा! पण ती काय शुक्रवारच्या जेवणात, सासूबाईंच्या घरी, अख्खं खानदान जमलेलं असताना, हातात कोंबडीची तंगडी धरून जाहीर करायची गोष्ट आहे का? सांगा ना तुम्ही! आम्ही सगळे आपले गुपचूप जेवतोय, आणि हा आमचा साडू, होशंग, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, घसा खाकरतो काय, आणि म्हणतो काय, "मंडळी, एक आनंदाची बातमी आहे!" आम्हाला वाटलं, मुलीचं लग्न जमलं. सासूबाईंनी तर हात जोडायला सुरुवातसुद्धा केली होती. तर हा म्हणतो, "मला मेंदूचा डॉक्टर मिळाला. सरकारी विमा घेणारा!"

आणि तुम्हाला सांगतो, लग्न जमल्यावर झाला नसता एवढा जल्लोष झाला! "माशाल्ला, माशाल्ला!" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी! लगेच उठल्या, विस्तवावर इस्पंदचे दाणे टाकले, धूर त्याच्या डोक्याभोवती तीनदा फिरवला, नजर लागू नये म्हणून. आणि नजर कुणाची? फिरवताना बघत होत्या माझ्याकडे! आणि पातेल्याच्या तळाची ती भाताची सोनेरी खरवड, जी मी मघापासून हेरून ठेवली होती, ती अख्खीच्या अख्खी उचलून त्याच्या ताटात! का? तर त्याला डॉक्टर मिळाला म्हणून!

आता तुम्ही म्हणाल, रहमत, एवढं पोटात दुखायचं कारण काय? पोटात नाही हो दुखत, हात थरथरतो! हा बघा, उजवा. आणि मी न्हावी आहे. इस्फहानात पुलापलीकडे माझं दुकान आहे, बापाच्या वेळेपासूनचं. कारकुनाचा हात थरथरला तर सही वाकडी येते, शिक्षकाचा थरथरला तर खडू मोडतो. न्हाव्याचा हात थरथरला, तर खुर्चीत बसलेला माणूस मनातल्या मनात कलमा म्हणायला लागतो! नवरोजनंतर, नवं वर्ष लागल्यावर, हे सुरू झालं. आधी चहाचा पेला बशीवर वाजायला लागला. मग साबणाचा ब्रश गिऱ्हाईकाच्या नाकात जायला लागला. मग एक दिवस आमचे जुने हाजीसाहेब दाढीला बसले, मी वस्तरा उघडला, आणि त्यांनी शांतपणे स्वतःचा कान मुठीत धरून ठेवला. नुसता कान धरला! आणि उठताना वर म्हणतात, "रहमत आगा, तुमचा हात कधी न दुखो!" आमच्याकडे सगळेच म्हणतात तसं, काम झालं की. अहो, दुखत नाही हो! दुखला असता तर बरं झालं असतं!

त्यानंतर काय झालं माहीत आहे? गिऱ्हाईकं दाढ्या वाढवायला लागली. "काय हो, या आठवड्यात नाही आलात?" "नाही, म्हटलं जरा दाढी ठेवून बघावी." एकाने ठेवली, दुसऱ्याने ठेवली, तिसऱ्याने ठेवली... बाहेरचे लोक विचारायला लागले, काय हो, या गल्लीत सगळ्यांना सरकारी नोकऱ्या लागल्या की काय? आमच्याकडे साहेबाला खूश ठेवायला सरकारी माणूस दाढी राखतो ना! कुणाला सांगणार, की हे सगळे माझ्या हाताचे भक्त आहेत! तर मुद्दा असा, की हात थांबला नाही तर दुकान थांबणार, आणि दुकान थांबलं तर मला दुसरं काहीही येत नाही. बोलायला येतं, पण नुसतं ऐकायला कोण येतं न्हाव्याकडे?

म्हणून आमच्या गल्लीतल्या साध्या डॉक्टरकडे गेलो. त्याने बोट नाकाला लावायला सांगितलं, मी डोळ्याला लावलं. तो म्हणाला, "मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका." आता डॉक्टरने असं म्हटल्यावर रात्री झोप लागते का? माझा एक चुलता असाच आधी हातापासून थरथरायला लागला आणि शेवटी चमचा तोंडापर्यंत नेता येईना. मी म्हटलं, ठीक आहे, दाखवू, आपल्याकडे सरकारी विमा आहे! तरुणपणापासून हप्ता भरतोय, एकदा चुकवलेला नाही! ताठ मानेने फोन लावला.

"सलाम, बाई. डॉक्टरसाहेबांची वेळ हवी होती."

"जरूर, जरूर, आगा, पाय लागू देत तुमचे आमच्या दवाखान्याला!" काय गोड आवाज! मध! "वेळ लगेच देते. तुमचा विमा कुठला?"

"सरकारी."

झालं! मधाचं व्हिनेगर! "डॉक्टरांचा सरकारी विम्याशी करार नाही." खट्!

दुसरीकडे लावला. "करार नाही." तिसरीकडे लावला. "करार होता, मोडला." चौथीकडे फोन घेणारी मुनशीबाई तर हसली हो! मला म्हणते, "मेंदूच्या डॉक्टरकडे सरकारी विमा? अहो आगा, तुम्हाला खरंच तपासून घ्यायला हवं!" सगळं इस्फहान पालथं घातलं. एक जण विमा घेत होता, तो कॅनडाला गेला. पाटी अजून दारावर आहे, आत चपलांचं दुकान. एक विमा घेतो म्हणाले, पण फक्त रविवारी, आणि रविवारी तो शिकवायला जातो. आणि एकाकडे तर मी स्वतः गेलो. मोठी पाटी, मेंदू आणि मज्जातंतू तज्ज्ञ. आत सगळ्या बायका, नटूनथटून! मी म्हटलं, एवढ्या बायकांच्या मेंदूला काय झालं? तर तो डॉक्टर आता कपाळावरच्या सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं देतो! मला म्हणाला, "आगा, मेंदूत आता काही राहिलेलं नाही. जे आहे ते कपाळावर!" वर माझं कपाळ बघून म्हणतो, "इथे बराच वाव आहे."

सरकारी इस्पितळात गेलो तर तिथे मोबाइलवर नंबर लावायचा. वेळ उघडते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते. ती वेळ पकडायला बोट स्थिर लागतं हो! माझं बोट "होय" वर जायच्या आत तीनदा "नाही" दाबून येतं! म्हणजे हात थरथरणाऱ्या माणसाला हाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायला न थरथरणारा हात पाहिजे. वा रे वा!

आणि होशंगला मिळाला! होशंगला! ज्याला आयुष्यात साधं रांगेत उभं राहता येत नाही, भूगोलाचा मास्तर, निवृत्त, पोरांना जगातल्या राजधान्या घोकून घ्यायच्या यापलीकडे काही केलं नाही. त्याला काय झालंय तरी? मी विचारलं ना जेवताना, "होशंग जान, तुला कशाला हो लागतो मेंदूचा डॉक्टर?" तर हा हसतो आणि म्हणतो, "काही नाही, असंच. जरा तपासणी." असंच! लोक असंच फिरायला जातात, असंच बागेत चहा पितात. हा असंच मेंदूच्या डॉक्टरकडे जातो, विम्यावर!

मी म्हटलं, चला, गिळा अभिमान, रहमत. विचारा नाव. "नाव काय म्हणालास डॉक्टरचं?"

"नाव ना..." तंगडी खाली ठेवली, डोळे छताला. "बाई आहेत. फार गोड स्वभाव. नाव... अगदी ओठावर आहे बघ..."

ओठावर आहे! बघितलं? तेहरानपासून टिंबक्टूपर्यंत सगळी नावं ओठावर, आणि डॉक्टरीणबाईंचं तेवढं ओठातच राहिलं! लपवतोय हो! मला कळत नाही का? माझी मेहुणी, तूबा, त्याची बायको, ती तर चहा आणायच्या निमित्ताने उठूनच गेली आत. दोघांचं संगनमत!

मग पुढचं ऐका, ते तर याहून भारी. हा एकदम माझा थरथरता हात धरतो, सगळ्यांदेखत, आणि म्हणतो, "रहमत जान, तुझ्या हातावरून मी जीव ओवाळून टाकीन! माझी वेळ आहे पुढच्या आठवड्यात, ती तू घे. तू जा माझ्याजागी!"

आता मी काय म्हणणार? "नको नको, तुझं डोकं माझ्या हातापेक्षा लाखमोलाचं, ते कसं चालेल!" म्हणणारच ना? पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं. तो म्हणाला, "माझी शपथ आहे, घे!" मी म्हटलं, "अजिबात नाही, मला लाज वाटेल!" दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं असतं. आता तिसऱ्यांदा तो म्हणणार, आणि मी मान खाली घालून म्हणणार, "आता तुझा शब्द कसा मोडू बाबा." हे शेंबड्या पोराला कळतं! मी मान खाली घालून तयार बसलो. वाट बघतोय. वाट बघतोय... आणि वर बघतो तर हा सासूबाईंना विचारतोय, "लोणचं कुणी घातलंय, फार छान झालंय."

दोनदाच म्हणाला! तिसऱ्यांदा म्हणालाच नाही! अहो, जन्मल्यापासून या देशात राहिलेला माणूस दोनदा म्हणून थांबतो? याला काय म्हणायचं? मी म्हणतो, लबाडी! हिशेबाने म्हणाला तो दोनदा!

घरी आल्यावर बायकोने, मनीजेने, माझी हजामत केली. न्हाव्याची! "पहिल्यांदाच हो म्हणायला काय झालं होतं? लोकांसमोर सरदारकी दाखवायची आणि घरी येऊन पाय आपटायचे!" मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचा नवरा लबाड आहे." ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला डॉक्टर मिळाला. तुला मिळाला का?" बोला आता!

पण बाई हुशार. तिने तूबाकडून गुपचूप दवाखान्याचा नंबर काढला. डॉक्टर नीकपूर. मी फोन लावला. "सरकारी विमा घेता?" मुनशीबाई म्हणाली, "घेतो की!" तुम्हाला सांगतो, मी खुर्चीतून उभा राहिलो! साठी ओलांडलेला माणूस, डोळे भरून आले! "मग कधी येऊ?" "जुने पेशंट आहात का?" "नाही, नवा." "नवे विमावाले बंद केलेत, आगा. डॉक्टर एकट्या किती बघणार? सगळं इस्फहान त्यांच्याच दारात आहे. होते त्यांनाच बघतात. शेवटचे घेतले ते एक मास्तर होते, भूगोलाचे."

शेवटचा! दरवाजा बंद व्हायच्या आत शेवटचा कोण आत शिरला? होशंग! असंच, तपासणीला!

आणि मग दोन दिवसांनी तूबाचा फोन. आवाज जरा पडलेला. "भाऊजी, रविवारी ह्यांची वेळ आहे आणि मला आईला घेऊन जायचंय. तुम्ही जाल का ह्यांच्याबरोबर? ते म्हणतात एकटा जातो, पण... तुम्ही जा ना." मी म्हटलं, "अगं तूबा बाई, डोळ्यांवर जाईन, पायांनी कशाला!" मनात म्हटलं, आत शिरायला मिळतंय, मग बघतो हाताचं. साडूच्या शेपटाला धरून का होईना!

टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरने विचारलं कुठे, होशंगने पत्ता सांगितला. टॅक्सी निघाली, निघाली, आणि थांबली ती त्याच्या जुन्या शाळेसमोर! मी म्हटलं, बघा! अजून लपवतोय! शेवटच्या क्षणापर्यंत मला दवाखाना कळू द्यायचा नाही! मी संतापून म्हटलं, "होशंग, मला पत्ता माहीत आहे, तुझ्या बायकोने दिलाय, उगाच इस्फहानची प्रदक्षिणा घालू नकोस." तो शाळेच्या फाटकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो की. आज सुट्टी आहे वाटतं." आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी, रविवारी कुठली? मी म्हटलं, वा, काय नट आहे! काय अभिनय!

दवाखान्यात नाव पुकारलं. दारात पोचलो तर हा बाजूला झाला, "तू आधी, रहमत जान." मी म्हटलं, "छे, तुझी वेळ, तू आधी." "तू पाहुणा." "तू थोरला." आणि या खेपेला, तुम्हाला सांगतो, हा थांबेचना! तीनदा, चारदा, पाचदा, "तू आधी, रहमत जान," प्रत्येक वेळी जसं काही पहिल्यांदाच म्हणतोय! जिथे थांबायचं तिथे थांबत नाही, जिथे थांबू नये तिथे थांबतो! शेवटी मुनशीबाईने दोघांच्या पाठीला हात लावून दोघांनाही आत ढकललं.

नीकपूर बाई. खरंच गोड स्वभाव. तिथेही मला जळायला झालं, एवढ्या गोड त्याच्याशी बोलत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. सफरचंद, दिवा, गालिचा." मीही ठेवले. का नाही ठेवायचे? हप्ता मीही भरलाय. मग त्यांनी विचारलं, "आज कोणता वार?" होशंग विचार करतोय, मी म्हटलं, "रविवार!" "महिना?" मी म्हटलं, "मेहर!" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढली. बघा म्हटलं, कुणाचा मेंदू चांगला आहे ते! मग त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, मघाचे तीन शब्द?"

होशंगचे डोळे छताला. मी तोंड उघडणार होतो... सफरचंद माझ्या दातांपर्यंत आलं होतं, खरं सांगतो. आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. गुडघ्यावर दोन हात, एकमेकांत घट्ट. अजिबात थरथरत नव्हते. घट्ट धरून ठेवलेले. आणि तो हसत होता, तसाच, शुक्रवारी हसला होता तसा. "अगदी ओठावर आहेत," म्हणाला. "शब्द... अगदी ओठावर आहेत बघा, बाई."

नाव लपवत नव्हता हो. शाळा हा अभिनय नव्हता. दोनदा म्हणाला, कारण तिसऱ्यांदापर्यंत तो विसरला होता, कशाला धरलाय हा हात ते. आणि मी, शहाणा, वार सांगत होतो! महिना सांगत होतो! मार्क मिळवत होतो!

मग होशंग वळला माझ्याकडे, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणतो, "बाई, माझं राहू द्या. ह्याचा हात बघा. हा माझा साडू आहे, न्हावी आहे, ह्याचा हात सोन्याचा आहे. आणि ह्याला डॉक्टर मिळत नाही." एवढं मात्र लक्षात होतं त्याच्या! देवाने पुसायचं ते पुसलं आणि माझी फजिती तेवढी ठेवली!

बाईंनी माझा हात हातात घेतला. कागदावर गोल काढायला लावलं, चालायला लावलं, बोटं टिचकवायला लावली. म्हणाल्या, "तुम्हाला भीती वाटते तसं काही नाही. हा नुसता कंप आहे, घराण्यात असतो. गोळी देते. कात्री चालवा, वस्तरा सध्या बंद." मी म्हटलं, "बाई, मला नवीन पेशंट म्हणून..." त्या म्हणाल्या, "नवे घेता येत नाहीत. पण मास्तरांना दर महिन्याला यावं लागणार, आणि आणायला कुणीतरी लागणार. तुम्ही आणा. त्यांच्या वेळेत तुमचा हातही बघत जाईन." म्हणजे बघा! सरकारी विम्यावर मला डॉक्टर मिळाली ती कशी, तर साडूच्या वेळेतला उरलेला तुकडा!

आता गोळीने हात बरा आहे. हाजीसाहेब परत येतात, कान धरत नाहीत, नुसता हात कानाजवळ ठेवतात. आणि दर महिन्याला मी होशंगला घेऊन टॅक्सीत बसतो. पूल ओलांडला, की हा माझ्या कानाशी येतो. ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये असं म्हणतो, "रहमत जान, कुणाला सांगू नकोस. मला एक डॉक्टरीण मिळाली आहे. सरकारी विमा घेते!"

एकदा मी चुकून म्हटलं, "माहीत आहे रे." तुम्हाला सांगतो, असा चेहरा पडला त्याचा, दवाखान्यापर्यंत पडलेलाच. तेव्हापासून मी म्हणतो, "काय सांगतोस! खरंच? नशीबवान आहेस लेका! आम्ही मेलो शोधून शोधून!" आणि मग तो असा खुलतो, असा ताठ बसतो, खिडकीतून इस्फहानकडे असा बघतो, जसं काही सगळं गाव त्याने जिंकलंय.

मनीजे म्हणते, बरं नाटक जमतं तुला जळण्याचं. नाटक? नाटक कुठलं आलंय बाई! अहो, त्याला ती दर महिन्याला नव्याने मिळते. मला माझ्या नावावर अजून एकदाही मिळालेली नाही.